चर्चा: मोंढ्यातल्या जुन्या पीसीवर लिनक्स चालेल, पण काटा, प्रिंटर आणि अंगठा चालेल का?

गंजगोलाईकर (लातूर)
मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे यंत्रातलं सुरक्षेचं साधन लागतं, आणि मोंढ्यात आडतीवर ठेवलेले बरेच पीसी त्या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, तरी भंगारात. माझं म्हणणं एवढंच की पट्ट्या आणि पावत्या काढणाऱ्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स टाका. लगेच लोक विचारतात, ड्रायव्हरचं, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामचं काय? अहो, ड्रायव्हरच्या बाबतीतच तर लिनक्स पुढं आहे.

विंडोजमध्ये कंपनीनं मॉडेलचा नाद सोडला की तुमच्या चांगल्या चालत्या स्कॅनरचं खोकं होतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, अर्ध्याहून जास्त कोड ड्रायव्हरचाच आहे आणि तो कर्नलबरोबरच येतो. यूएसबी खोचली की कर्नल उपकरणाला विचारतो, बनवणाऱ्याचा क्रमांक काय, मॉडेलचा क्रमांक काय. जुळणारं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा तुकडा, आपोआप चढतं, 'डेव्ह' फोल्डरात त्या उपकरणाची फाईल उमटते. मग यूडेव्ह नावाचा प्रोग्राम नियम बघून ठरवतो की तिला नाव काय द्यायचं आणि ती कुणाला वापरू द्यायची. हे नियम साध्या टेक्स्ट फायलीत असतात. कुणीही उघडून वाचावेत, बदलावेत.

सेवाकेंद्र_परतूर
ऐकायला लई भारी वाटायलंय दादा, पण आमचं केंद्र अंगठ्यावर चालतं. अंगठ्याचं मशीन लिनक्सला लावून बघितलंय मी. यादीत दिसतं, क्रमांकासकट दिसतं. पुढं काय? आधारसाठी ठसा नोंदणीकृत उपकरणातूनच, सही होऊन आणि एन्क्रिप्ट होऊन जावा लागतो. त्याला कंपनीची आरडी सर्व्हिस, म्हणजे हे काम करणारा प्रोग्राम पाहिजे, आणि आमच्या मशीनच्या कंपनीनं ती विंडोज आणि अँड्रॉइडपुरतीच दिलीय. कर्नलनं ओळखलं म्हणून पीकविम्याच्या रांगेतल्या माणसाची ई-केवायसी होत नसती.

सोल्डरगन (वाळूज)
परतूरवाल्यांचा मुद्दा बिनतोड आहे. फक्त तो कर्नलचा दोष नाही, वरच्या बंद सॉफ्टवेअरचा आहे. मी काट्यांचं बोलतो, माझं रोजचं काम तेच.

काट्याची सिरियल वायर पीसीला जोडायला जो स्वस्तातला कन्व्हर्टर मिळतो त्यात बऱ्याचदा सीएच३४० चिप असते. तिचा क्रमांक १ए८६:७५२३. ड्रायव्हर कर्नलमध्येच, वेगळं काही टाकावं लागत नाही. तरी उबंटू या लिनक्सची २२.०४ आवृत्ती आल्यावर जगभरचे लोक चक्रावले. कन्व्हर्टर खोचला की त्याची टीटीवाययूएसबी० ही फाईल दिसायची आणि लगेच गायब व्हायची. कारण निघालं ब्रेलटीटीवाय, म्हणजे अंधांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम. एका ब्रेल उपकरणाचा क्रमांकही नेमका हाच, म्हणून यूडेव्हच्या नियमानं कन्व्हर्टर ब्रेलवाल्याच्या ताब्यात दिला! पण डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, काढल्या की कुणी उचलला ते नावानिशी लिहिलेलं सापडायचं. हे मला आवडतं. चोरी होते, पण चोराचं नाव कळतं.

दुसरी भानगड अशी की या चिपला बहुतेक वेळा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. काटा आणि ओलावा मीटर दोन्ही एकाच पीसीला लावले तर चालू करताना शून्य नंबर कुणाला आणि एक नंबर कुणाला मिळेल याचा भरवसा नाही. क्विंटलच्या रकान्यात ओलावा आला तर शेतकरी गप्प बसेल का? म्हणून यूडेव्हच्या नियमात पोर्टच्या जागेवरून नाव बांधायचं. मागच्या वरच्या पोर्टमध्ये असेल तो 'काटा', खालच्यात 'ओलावा'.

पूर्णाकाठ (परभणी)
आणि हमालाच्या पोरानं मोबाईल चार्जिंगला लावायला ती वायर उपसून दुसरीकडं खोचली की? विंडोजमध्ये निदान कॉम ३ नंबरचा पोर्ट कॉम ३ च राहतो.

सोल्डरगन (वाळूज)
राहत नाही हो. अनुक्रमांक नसेल तर पोर्ट बदलल्यावर विंडोजही नवा क्रमांक देतं. कॉम ३ चा कॉम ७ झाला आणि बिलिंग बंद पडलं, हे फोन मला विंडोजवाल्यांचेच येतात.

पूर्णाकाठ (परभणी)
बरं, ते सोडा. 'कर्नलबरोबरच येतो' म्हणता, जो येत नाही त्याचं काय? माझ्या वायफाय डोंगलचा कोड कर्नलबाहेरचा होता. अपडेट आला, कर्नल बदलला, वायफाय गेलं. आणि वायफायच नाही तर नवा ड्रायव्हर उतरवायचा कशावर? कर्नलवाले आतले इंटरफेस, म्हणजे ड्रायव्हर जोडायच्या जागा, मुद्दाम स्थिर ठेवत नाहीत. त्यांचं म्हणणं, ड्रायव्हर आमच्यात आणा, मग बदल आम्हीच करू. लिनक्स बनवणाऱ्या टोर्वाल्ड्सनं २०१२ मध्ये फिनलंडच्या कार्यक्रमात ग्राफिक्स कार्डवाल्या एन्व्हिडियाला मधलं बोट दाखवलं, लोकांनी टाळ्या पिटल्या. एन्व्हिडियानं कर्नल मॉड्यूल खुली केली २०२२ मध्ये. तोवर कार्ड विकत घेतलेल्यानं काय त्या टाळ्यांवर गेम खेळायचे?

गंजगोलाईकर (लातूर)
तुमचा राग कंपनीवर पाहिजे, काढायलाव कर्नलवर. आतलं एखादं फंक्शन बदललं की ते बदलणाऱ्यानंच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, हा तिथला शिरस्ता आहे. म्हणून तर कंपनीनं सोडून दिलेली उपकरणं अजून चालतात. आणि वायफायवर लोक अडतात हे कळल्यावर डेबियन या लिनक्सच्या, खुल्या कोडबाबत कट्टर मंडळींनीही २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून बंद फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरमध्येच घातलं.

पूर्णाकाठ (परभणी)
अजून चालतात म्हणे! ३८६ प्रोसेसरचा सपोर्ट त्यांनीच काढला.

गंजगोलाईकर (लातूर)
२०१२ च्या शेवटी. ती चिप १९८५ ची होती राव!

मास्तर_औंढा
आमच्या शाळेतला प्रिंटर कुणी विचारला नाही, म्हणून सांगतो. तो स्वतःचं फर्मवेअर लक्षातच ठेवत नाही. लाईट गेली की विसरला, आली की पीसीनं पुन्हा पाठवायचं. औंढ्यात लाईट किती वेळा जाते ते विचारू नका. लिनक्सवर एका माजी विद्यार्थ्यानं नियम लिहून दिला: प्रिंटर चालू झालेला दिसला की फर्मवेअर ढकल. चालतंय. पण तो पोरगा पुण्याला गेलाय, आणि ती फाईल उघडायची माझी छाती होत नाही.

सेवाकेंद्र_परतूर
हेच म्हणायलो मी. विंडोज बिघडलं तर गल्लीतला पोरगा पाचशे रुपयांत बसवतो. यूडेव्हचा नियम लिहिणारा परतुरात कोण? फाईल उघडी असली तरी वाचणारा पाहिजे ना.

सोल्डरगन (वाळूज)
काट्याचा नियम एका ओळीचा आहे. छापून पीसीच्या मागं चिकटवतो मी, कोणत्या पोर्टमध्ये काय लावायचं ते मराठीत लिहून. अंगठ्यासाठी मात्र विंडोजचा एक पीसी ठेवा, त्याला इलाज नाही.

गंजगोलाईकर (लातूर)
ती ओळ इथं टाका की. आमच्याकडं एका आडतीवर लावून बघतो.

सोल्डरगन (वाळूज)
टाकतो, पण सोयाबीनची आवक ओसरल्यावर. आत्ता कुणाच्या काट्याला हात लावलात तर यूडेव्ह बाजूला, आडत्याच तुम्हाला बघून घेईल.