मदत हवी आहे: दंतवैद्यकातून बायोमटेरियल्सच्या (शरीरात वापरायच्या पदार्थांच्या) संशोधनाकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करतेय, हिरड्यांच्या विभागात. दाताभोवतीचं हाड झिजलं की आम्ही तिथे बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाच्या जागी बसवायचा पदार्थ, भरतो. अशा पदार्थांपैकी हायड्रॉक्सिॲपेटाइट वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं, बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्या मानाने लवकर विरघळतं. पण त्या जागी नवं हाड किती येईल, हे पेशंटगणिक बदलतं. असं का, यातच मला खरा रस आहे. क्लिनिक थाटण्यात नाही (घरच्यांनी कोथरूडला गाळासुद्धा बघून ठेवलाय!).

२०२२ पासून बीडीएसवाल्यांनाही गेट (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) देता येते आणि त्यात बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा पेपर आहे. पण बारावीनंतर गणिताशी संबंधच उरला नाही.

थेट पीएचडीला अर्ज करावा, की आधी पाषाणच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ठिकाणी एखाद्या प्रोजेक्टवर राहून स्कॅफोल्ड (पेशींना वाढायला आधार देणारा सांगाडा) बनवणं, पेशी वाढवणं हाताने शिकावं? अशा लॅबमध्ये दंतवैद्याला दारात उभं करतात का? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बायोसिरॅमिक्सवर (शरीरात वापरायच्या सिरॅमिक पदार्थांवर) काम केलेलं कुणी असेल, तर प्लीज मेसेज करा. आणि फेलोशिपच्या पैशांत भागतं का, हेही मोकळेपणाने सांगा.