उमेदवाराची श्रद्धा आणि उमेदवाराचे खासगी आयुष्य : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव : नमस्कार. आपल्या प्रभागातील एका उमेदवाराविषयी काल रात्री ग्रुपवर आलेला संदेश काढून टाकला आहे. ‘चाळिशी उलटली तरी लग्न नाही, काय ते समजून घ्या, आणि असा माणूस सिद्धरामेश्वरांच्या काठीला हात लावतो’, असा त्याचा सूर होता (काठी म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या यात्रेतील नंदीध्वज). 15 जानेवारी 2026 रोजी महापालिकेचे मतदान आहे आणि आचारसंहिता लागू आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

ए-104 : सचिवसाहेब, संदेशाची भाषा वाईट होती, हे मान्य. परंतु त्याच उमेदवाराने घरोघरी वाटलेल्या पत्रकावर बाराबंदी, म्हणजे यात्रेतला पारंपरिक पांढरा पोशाख, घालून नंदीध्वजाशेजारी काढलेला फोटो सर्वांत वर आहे आणि पाणी, ड्रेनेज वगैरे मजकूर मागच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. ज्याने स्वतःच श्रद्धा मतांसाठी पुढे केली, त्याच्या आचरणाविषयी मतदाराने का विचारू नये?

सी-201 : अण्णा, पत्रकाबद्दल तुम्ही म्हणता ते रास्त आहे. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागितल्याच्या कारणावरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. आपल्याच सोलापुरातून 2019 मध्ये गौडगाव मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी लोकसभेवर गेले, तेव्हा मठ आणि राजकारण यांवर चौकाचौकांत उघड चर्चा झाली. त्यांच्या जातीच्या दाखल्याचा वाद समितीपर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेला, तोही योग्यच, कारण जागा राखीव होती आणि प्रश्न पात्रतेचा होता. कालच्या संदेशात मात्र पात्रतेचा प्रश्नच नव्हता. उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती द्यावी लागते. माणूस कोणावर प्रेम करतो, हा रकाना त्यात नाही. सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सांगितले आहे, म्हणजे ती कुजबुज खरी असती तरीही त्याच्या उमेदवारीला बाध येत नाही. आणि खोटी असेल, तर निवडणुकीच्या निकालावर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 175 खाली गुन्हा आहे. शिक्षा फक्त दंडाची आहे, म्हणूनच बहुधा कोणी मनावर घेत नाही.

ए-104 : कायदा समजला. पण लोकांच्या मनात जे असते, ते मतपेटीत उतरतेच.

सी-201 : लोकांच्या मनात काय असते, हे आपण परस्पर ठरवू नये. आपल्याच जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, तरंगफळ गावाने 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंचपदी निवडून दिले. त्यांची ओळख गावापासून लपलेली नव्हती. शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून ‘लोक अजून तयार नाहीत’ म्हणणारे आपण, आणि मते देऊन मोकळे झालेले ते गावकरी.

डी-402 : माझ्या दिरांचा मुलगा पस्तिशीचा आहे, अविवाहित आहे आणि याच ग्रुपवर आहे. त्यानेही तो संदेश वाचला. आज सकाळी चहाला आला, पण त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. शिवाय महापालिकेत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि त्या जागांवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीविषयी ‘घरी कोण येते, रात्री किती वाजता परतते’ हे आधी बोलले जाते. पुरुष उमेदवाराच्या वाट्याला हे क्वचितच येते, एवढाच कालचा वेगळेपणा.

ए-104 : वहिनी, ते मला सुचले नव्हते. पत्रकावरच्या फोटोचे मात्र मी त्याला तोंडावर विचारणार.

सी-201 : जरूर विचारा. यात्रेच्या दिवसांतच मतदान येत असताना काठीचा फोटो छापणे हा योगायोग नाही, आणि त्याचे उत्तर त्याने द्यायलाच हवे. सोबत चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याचेही विचारा.

सचिव : प्रभागात प्रत्येकाला एकाहून अधिक मते द्यायची आहेत, त्यामुळे प्रश्न सर्वच उमेदवारांसाठी सारखे असावेत. ते माझ्याकडे लेखी द्यावेत. विवाह, नातेसंबंध किंवा घरातील पूजाअर्चा यांविषयीचे प्रश्न यादीत घेतले जाणार नाहीत; पत्रकावर उमेदवाराने स्वतः जे छापले आहे, त्यावरचे घेतले जातील.