हॉटेल कॅलिफोर्निया: कॅपो लावाच

भाऊ, कॅपोशिवाय (कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) बी मायनरचा बार, म्हणजे एक बोट तारांवर आडवं दाबून धरायची कॉर्ड, धरूनच ईगल्स बँडचं हे गाणं शिकायचं का, असं विचारलंय. कशाला बोटं सोलता? १९७६ च्या मूळ रेकॉर्डिंगमधली सुरुवातीची बारा तारांची गिटारही सातव्या फ्रेटला (मानेवरच्या पट्टीला) कॅपो लावूनच वाजलीय. कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे) आकार धरायचे ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर आणि परत बी सेव्हन. ऐकू येतं ते बी मायनरच.

सोलोला मात्र कॅपो काढा. ईगल्सचे गिटारवादक डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आळीपाळीने वाजवतात, शेवटी दोघं हार्मनीत येतात, म्हणजे वेगवेगळे पण जुळणारे सूर एकत्र वाजवतात. मी तर म्हणेन, आधी तो शेवटच घ्या. सगळे अर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचेच सूर सुटे केलेले; व्हिडिओचा वेग ०.७५ वर ठेवला की एकेक सूर कळतो. सोलोच्या मधले बेंड (तार ओढून सूर चढवणं) बारा गेजच्या जाड तारांवर जिवावर येतात, दहा गेजचा बारीक तारांचा सेट टाका.

आणि जळगावच्या मे महिन्यात गिटार कूलरसमोर ठेवू नका भो! ओल्या हवेने लाकूड फुगतं, मग ट्यूनरशी भांडत बसावं लागतं.