गावठी कुत्र्याले घेऊन दोन दिवसाच्या कॅम्पले जावं का? कोणी गेलं असन तर सांगा

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा):
नमस्कार मंडळी. माहा मामेभाऊ नागपूरले राहते, त्याच्याकडे लॅब्राडोर आहे. डिसेंबरात शनिवार-रविवार पेंचच्या जंगलाच्या बाजूला एका फार्महाऊसवर कुत्रे आन त्यायचे मालक असा कॅम्प आहे, तिथं तो चालला आन मले म्हणते तू बी भुऱ्याले घेऊन ये. भुऱ्या आमचा गावठी आहे, दोन वर्षाचा असन, वावरातच राहते. रातच्या जागलीले मले त्याचाच आधार आहे. रोही (नीलगाय) आलं तर दुरून एकसारखा भुकते, डुक्कर असलं तर गुरगुरत माळ्याखाली येऊन उभा राहते, त्याच्यावरून मले समजते का बॅटरी घेऊन उतरायचं का वरूनच हाकलायचं. एवढं शहाणं जनावर आहे पण एक खोड लय वाईट, रस्त्यानं मोटरसायकल गेली का मांगं लागते. मले रोज भेव वाटते का एखाद दिवशी चाकाखाली येईन नाहीतर गाडीवाल्याले पाडन. हाक मारल्यावर थांबला पाह्यजे एवढंच मले शिकवायचं आहे, ते दोन दिवसात होते का? गळ्यात पट्टा त्यानं आजवर घातला नाई. तिथं सगळे जातीचे कुत्रे असन, गावठ्याले घेतात का? भांडला तर? आन लशीचं काय काय लागते ते बी सांगा.

नागपूरची ताई:
दादा, बिनधास्त जा. मी माझ्या देशी कुत्रीला घेऊन अशाच कॅम्पला गेली होती, गावठी म्हणून कोणी नाक मुरडलं नाही, उलट अडथळ्यांच्या खेळात तीच सगळ्यात चपळ होती. आधी फोन करून विचारा की एका ट्रेनरकडे किती कुत्रे असतात आणि पट्टा कुठे सोडायला देतात, नीट सांगत नसतील तर जाऊच नका. आमच्याकडे गेटवरच लसीचं पुस्तक बघितलं, मग सगळ्या कुत्र्यांना पट्ट्यावर एकाच दिशेने अंतर ठेवून बराच वेळ चालवलं, तोंडासमोर तोंड येऊच दिलं नाही. भांडणं होतात ती बहुतेक खाण्यावरून नाहीतर बॉलवरून, म्हणून ताटली नेहमी लांब कोपऱ्यात ठेवायची. कापडी बोगद्यात आमची काही केल्या शिरेना, शेवटी मीच दुसऱ्या टोकाला आडवी झाली आणि हातावर उकडलेली कलेजी धरली, तेव्हा आधी नाक आलं, मग थांबून थांबून अख्खी बाहेर आली. ट्रेनरने तेवढा वेळ कोणालाच तिला मागून ढकलू दिलं नाही, ते मला फार आवडलं.

आता तुमचा खरा प्रश्न. दोन दिवसात मोटरसायकलची खोड जाणार नाही, पण ती घालवायची कशी ते तुम्हाला हातात हात धरून दाखवतील आणि माझ्या मते पैसे त्याचेच आहेत, पोहायचा हौद आणि फोटो असले काय नसले काय. लांब दोरीवर कुत्रा धरतात, गाडी दूरवर हळू चालवतात, त्याने गाडीकडे बघून तुमच्याकडे मान वळवली की लगेच खाऊ, असं करत करत अंतर कमी करतात. घरी आत्तापासून एक करा, बोलवायचा एकच शब्द ठरवा, आला की काहीतरी चांगलं द्या, आणि त्या शब्दाने बोलावून कधीच रागावू नका की लगेच बांधू नका. पट्टा रोज जेवणाच्या वेळी घाला, जेवण झालं की काढा, आठ-पंधरा दिवसात सवय होईल. साखळी नको, छातीवरचा हार्नेस घ्या.

गुरांचा डॉक्टर (तालुका दवाखाना):
लसीचं आत्ताच मनावर घ्या, आदल्या आठवड्यात टोचून उपयोग नाही. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांनंतर देतात आणि पुढे वेळच्या वेळी रिपीट करावी लागते, भुऱ्याला कधीच दिली नसेल तर कॅम्पच्या किमान महिनाभर आधी द्या. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो या रोगांवर एकत्र लस असते, तिचे दोन डोस तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने. पेंचच्या बाजूला जाताय म्हणून डिस्टेंपरचं जास्त जोर देऊन सांगतो, हा रोग कुत्र्यापासून वाघ-बिबट्याला होऊ शकतो, 2018 मध्ये गीरचे सिंह मेले तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. जंगलाच्या कडेचं प्रत्येक कुत्रं लसीकरण झालेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

जंताचं औषध द्या. वावरातला कुत्रा आहे म्हणजे गोचीड असणारच, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली बोट फिरवून बघा. गोचीड तापाचं कुत्रं सुस्त पडतं, खात नाही, हिरड्या पांढऱ्या दिसतात, तसं असेल तर कॅम्प सोडा आणि आधी रक्त तपासा. कुत्री माजावर असेल तर नेऊ नये, तुमचा नर आहे पण बाकीच्यांनी वाचावं म्हणून लिहितो. आणि तिथे रात्री लोक प्रेमाने सावजी रस्सा कालवून देतील, देऊ देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो आणि शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं. डिसेंबर ठरवलाय ते उत्तम, कोणी एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे असा कॅम्प ठेवला तर मी नाहीच म्हणेन. कुत्र्याचं साधं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, घाम गाळून त्याला अंग थंड करता येत नाही, 105 च्या वर गेलं की जीवावर बेततं.

धानवाला (गोंदिया):
भाऊ मले दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक म्हणजे बिबट. आमच्या नागझिऱ्याच्या बाजूनं अंगणातून कुत्रे उचलते तो, म्हणून तिथं रात्री भुऱ्याले तंबूबाहेर बांधाचं नाई, पक्क्या खोलीत सोबत घेऊन झोपायचं, खोली नसन तर रात्री मामेभावाकडे नागपूरले परत जायचं आन सकाळी यायचं. दुसरं, जागलीचं कुत्रं आहे, तिथं दहा अनोळखी माणसं खाऊ देतीन, मंग वावरात चोर आला तरी शेपटी हालवन ना तो. मले ते काही पटत नाई.

नागपूरची ताई:
धानवाले दादा, तुमची काळजी बरोबर आहे, म्हणून आम्ही ट्रेनरला आधीच सांगितलं होतं की खाऊ फक्त मालकाच्या हातून, त्यांनी तसंच केलं. बोलावल्यावर यायला शिकला म्हणून भुकणं जात नाही, आमची अजूनही दारात कोणाला उभं राहू देत नाही. बिबट्याचं मात्र शंभर टक्के खरं, तेवढं आधी विचाराच.

पऱ्हाटीवाला:
सगळ्यायचे लय उपकार. सोमवारी बाजाराच्या दिवशी भुऱ्याले घेऊन दवाखान्यात जातो, पुस्तक बनवून घेतो. कापूस वेचणी चालू आहे पण दोन रातची जागल लहान भाऊ करतो म्हणते. फार्महाऊसवाल्यायले फोन लावला, खोल्या आहेत आन गावठ्याले ना नाई. एक राह्यलं, लांब दोरी म्हणता तं घरी बैलाचा कासरा आहे तो चालन का?

नागपूरची ताई:
सुती असेल तर छान चालेल, नायलॉनचा असेल तर हात सोलतो. गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका, हार्नेसच्या मागच्या कडीला बांधा, म्हणजे पळता पळता झटका बसला तरी मानेला लागत नाही. आणि सरावाला आधी रिकामं वावर बघा, रस्ता नंतर.