शब्दचर्चा: प्लूटो ग्रह नाही हे ‘सिद्ध झाले’ की ‘ठरवले’?

प्रश्न: ‘२००६ मध्ये प्लूटो ग्रह नाही हे सिद्ध झाले’ हे वाक्य शालेय लेखनात चालेल का? आणि ‘बटुग्रह’ हा ग्रहाचाच प्रकार समजायचा का?

उत्तर: चालणार नाही. विधान सिद्ध होते, व्याख्या केली जाते. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदानाने ग्रहाची व्याख्या स्वीकारली. ‘ठरला’ही जपून वापरा. ‘अंदाज खोटा ठरला’ यात निष्कर्ष असतो, ‘लग्न ठरलं’ यात निर्णय. ‘प्लूटोची गणना बटुग्रहांत केली गेली’ असे लिहिले की घोळ राहत नाही.

भर: मात्र एवढ्यावर थांबू नका, नाहीतर विज्ञान हात वर करून चालते असा मुलांचा ग्रह होतो. (हाही ‘ग्रह’च, धातू तोच: पकडणे, घेणे.) मतदानाआधी मोजमापे होती. १९३० मध्ये प्लूटो सापडला, तेव्हा त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या आसपास असेल असे मानले गेले. १९७८ मध्ये त्याचा उपग्रह शॅरन सापडला. त्याची कक्षा केवढी आणि एका फेरीला वेळ किती, यावरून वस्तुमान काढता आले. ते पृथ्वीच्या जेमतेम ०.२ टक्के भरले. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यातले प्लूटोचे शेजारी सापडू लागले, २००५ मध्ये एरिस जाहीर झाला. आजच्या मोजणीनुसार त्याचा व्यास २३२६ किमी, प्लूटोचा २३७७. वस्तुमान मात्र एरिसचेच सुमारे २७ टक्के जास्त. ‘सिद्ध झाले’ हे क्रियापद या आकड्यांसाठी राखा. एरिसला दहावा ग्रह म्हणायचे की दोघांचा वेगळा गट करायचा, हा त्यापुढचा निवडीचा प्रश्न.

‘बटुग्रह’विषयी: समास पाहिला तर तो ग्रहाचा प्रकार वाटतो, संघाच्या व्याख्येत तसा नाही. पाणघोडा घोडा नसतो, तसेच हे.

संघाच्या व्याख्येत ग्रहासाठी तीन अटी आहेत: सूर्याभोवती फिरणे, स्वतःच्या गुरुत्वाने गोल होणे आणि कक्षेचा परिसर मोकळा करणे. बटुग्रह तिसरीत अडतो. या तिसऱ्या अटीचे भाषांतर ‘कक्षेचा परिसर साफ केलेला’ असे करतात, तिथे हमखास अडते. साफ म्हणजे काहीच उरले नाही असा अर्थ निघतो, आणि गुरूच्या कक्षेत तर ट्रोजन नावाचे हजारो लघुग्रह आहेत. ‘कक्षेत वरचढ’ म्हणा. पृथ्वीचे वस्तुमान तिच्या कक्षेतल्या बाकी वस्तूंच्या एकूण वस्तुमानाच्या लाखो पट आहे. प्लूटोचे त्याच्या परिसरातल्या बाकीच्यांच्या एक दशांशही नाही.

वर्गासाठी: बुध (४८७९ किमी), गुरूचा उपग्रह गॅनिमीड (५२६८), चंद्र (३४७५), प्लूटो आणि सेरेस (सुमारे ९४०) यांची कार्डे करा. नावे छापू नका, नाहीतर मुले पाठांतरावरून गट पाडतात. आधी फक्त व्यास द्या आणि ग्रहाचा नियम लिहून घ्या. बहुतेकदा ‘अमुक किमीपेक्षा मोठा’ असा नियम येतो, आणि बुध घेतला की गॅनिमीडही आत येतो. मग कोण कोणाभोवती फिरतो ते सांगा. गॅनिमीड आणि चंद्र बाहेर पडतात. त्यानंतर सेरेसची गोष्ट: १८०१ मध्ये सापडला, काही दशके ग्रहांत मोजला गेला, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या त्याच्या पट्ट्यात सोबती वाढत गेले तसा लघुग्रहांत गेला. एरिसचे कार्ड अगदी शेवटी काढा. नियम बदलणार की यादी, आणि का, हे प्रत्येकाने दोन ओळींत लिहायचे.