मालगुंडच्या कविसंमेलनाला बाहेरची माणसं कशी आणायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. गणपतीपुळ्याला आलेले पर्यटक दर्शन, समुद्र, मोदक उरकून परत फिरतात. केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक पलीकडेच मालगुंडला आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. ७ ऑक्टोबरला, त्यांच्या जयंतीला, आम्ही चारपाच जण तिथे दोन दिवसांचं कविसंमेलन करायचं म्हणतोय.

अडचण अशी, की इन्स्टावर किनाऱ्याच्या रीलला धबाधब लाइक, कवितेच्या रीलला सहा. त्यातले दोन आईचेच, दोन फोनवरून!

पैसे भरून जाहिरात रत्नागिरी-कोल्हापूरपुरती ठेवावी, की पुण्या-मुंबईतही दाखवावी? घरगुती राहण्या-जेवणाचे दर रीलमध्येच टाकावेत का? इन्फ्लुएन्सरना फुकट बोलावणं मला तरी पटत नाही. कुणी असं काही केलं असेल तर जरूर सांगा.