टाकीचे घाव आणि देवपण: दुःखातून माणूस ‘घडलाच’ पाहिजे का?

अबोली
आईच्या आजारपणाचा अकरावा महिना चालू होता. भेटायला आलेले एक नातेवाईक जाता जाता म्हणाले, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. बघ, यातून किती खंबीर होशील तू." मी मान डोलावली आणि ते गेल्यावर नळ सोडून रडले.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. मी खंबीर झालेले नाही. रात्री फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जो माणूस कसाबसा दिवस ढकलतोय त्याच्यावर ‘यातून काहीतरी शिक’ हा आणखी एक बोजा टाकू नये. मला तगवलं ते एका मैत्रिणीने. एका दुपारी ती आली, मला झोपायला लावलं आणि दोन तास जमिनीवर बसून आईचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख. उपदेशाचा एक शब्द नाही.

उंबरठा
असहमत. तुमचं दुःख कमी लेखत नाही, पण माझा अनुभव वेगळा आहे.

अपघातानंतर मी आठ महिने अंथरुणाला खिळून होतो. फिजिओथेरपीच्या बाई रोज एकच विचारायच्या, "आज टाच किती सरकली?" चादरीवर रेघा होत्या. तिसऱ्या आठवड्यात टाच एक रेघ सरकली. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला मी आशाच म्हणेन. यातून काहीतरी निघेल हा विश्वास नसता, तर दुसऱ्या दिवशी मी प्रयत्नच केला नसता.

आणि मी बदललो. आधी मदत मागणं मला कमीपणाचं वाटायचं, भाऊ-बहिणीशी सणावारापुरतं बोलणं होतं. आज तसं नाही. हा बदल खरा आहे. ‘वाढबिढ काही नसते’ म्हणून तो माझ्याकडून काढून घेऊ नका.

खडूफळा
दोघांच्याही बाजूने थोडं. संकटानंतर माणसात होणाऱ्या अशा चांगल्या बदलाला ‘आघातानंतरची वाढ’ म्हणतात. त्यावर टेडेस्ची आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये २१ विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली: नाती, नव्या शक्यता, स्वतःतलं बळ, अध्यात्म, जगण्याची किंमत कळणं. पण त्यांचंही म्हणणं असं, की वाढ होते ती त्या घटनेशी झुंजताना, घटना स्वतः काही देत नाही. आणि वाढ झाली म्हणून दुःख संपत नाही, दोन्ही एकत्र नांदतात.

उंबरठा, एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. २००९ मध्ये पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची आघाताच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा मोजणी केली. ‘मी बदललो’ असं सांगणं आणि मोजणीत दिसलेला बदल यांचा बहुतांशी मेळ बसला नाही.

उंबरठा
मोजपट्टीत बसो न बसो, बहिणीला रोज फोन जातो. तो तर मोजता येईल ना?

खडूफळा
येईल, आणि ती सोबतच मला महत्त्वाची वाटते. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांवर एक प्रयोग केला. विजेचा सौम्य झटका बसेल अशी सूचना मिळाली की मेंदूत धोक्याची खळबळ उडायची. नवऱ्याचा हात हातात असताना ती कमी व्हायची, अनोळखी माणसाचा हात असला तरी थोडी कमी व्हायचीच. झटक्याचा धोका तसाच होता, पण सोबत होती.

निवांत
अबोली, तुमच्याशी पूर्ण सहमत. माझी नोकरी गेली तेव्हा ‘ही संधी समज’ असं इतक्या जणांनी सांगितलं, की मी लोकांना भेटणंच बंद केलं. खरं सांगायची सोय उरली नव्हती. धीर देण्याच्या नादात आपण माणसाला एकटं पाडतो. टाकीखाली फुटून गेलेले दगड कुणी देवळात ठेवत नाही, म्हणून ती म्हण खरी वाटते.

अबोली
उंबरठा, तुमचा बदल मला खोटा ठरवायचा नव्हता. तसं वाटलं असेल तर माफ करा. तुम्ही तो स्वतः, मागे वळून सांगताय. मला तो आगाऊ, दुसऱ्याने सांगितला. माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे. आशेबद्दल मात्र तुम्ही मला विचारात पाडलंत. मी आशा म्हणजे ‘सगळं नीट होईल’ असं धरून चालले होते, आणि ते खोटं ठरलं. एक रेघ एवढी लहान आशा मला कुणी दाखवलीच नाही.

उंबरठा
माफी कशाला. मुख्य मुद्द्यावर मी अजूनही असहमत आहे, यातून काही निघेल असं कुणीतरी म्हणायला हवं असतं. पण तुमचं वाचून आठवायचा प्रयत्न केला. आठ महिन्यांत त्या बाई मला ‘खंबीर व्हा’ असं एकदाही म्हणाल्या नव्हत्या. वाकून रेघा मोजायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या.